बांधकाम साइटवरचे हातमोजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न टूलबॉक्स टॉकला (कामाआधीच्या सुरक्षेच्या बैठकीला), स्टोअरच्या खिडकीवर आणि चहाच्या टपरीवर सतत कानावर पडतात. विचारणारा कधी सळईचं काम करणारा फिटर असतो, कधी ठेकेदार, कधी स्वतःचं घर बांधायला काढलेला मालक. उत्तरं महाराष्ट्रातल्या साइटी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत.

हातमोजे घातले म्हणजे हात सुरक्षित झाला का?

नाही. खरचटणं, कापणं, भाजणं, सिमेंट किंवा केमिकल लागणं, एवढ्यापासून योग्य मोजा वाचवतो. चेंगरण्यापासून वाचवत नाही. क्रेनने खाली येणारं सळईचं बंडल आणि जमीन यांच्यामध्ये बोट सापडलं, तर मोजा सुती होता की चामडी याने काही फरक पडत नाही. बोटांच्या पाठीवर रबरी ठोकळे असलेले 'इम्पॅक्ट' मोजे मिळतात. हातोडीचा निसटता फटका ते सौम्य करतात, पण टनभर वजनापुढे त्यांचं काही चालत नाही.

म्हणून पहिला विचार हात तिथून बाहेर काढण्याचा. लटकत्या लोडला हाताने दिशा द्यायची नाही, दोरी बांधून लांबून वळवायचं. लोड टेकायच्या आधी खाली लाकडी ठोकळे टाकायचे, म्हणजे नंतर स्लिंग (लोड उचलायचा पट्टा) काढायला बोटं खाली घालावी लागत नाहीत. स्लिंग ताणली जात असताना ती 'नीट बसवायला' हात लावायचा नाही. बोटं सापडण्याची ही अगदी नेहमीची जागा आहे, आणि तिथे घाई कायम 'जरा एक मिनिट' म्हणूनच होते. छिन्नी हाताने धरण्याऐवजी रबरी मूठ असलेली वापरली, तर चुकलेला घण बोटांवर येत नाही.

हे सगळं करूनही जे उरतं, त्यासाठी हातमोजा.

कोणत्या कामाला कोणता मोजा?

साइटवर सगळ्यात मोठा घोळ इथेच होतो. स्टोअरमध्ये एकाच जातीचे पांढरे सुती मोजे गठ्ठ्याने येतात आणि फिटरपासून पेंटरपर्यंत सगळ्यांना तेच वाटले जातात. रजिस्टरवर सही होते, काम संपतं.

फिटरचं काम बघा. सळई वाहायची, कापायची, रिंगा भरायच्या आणि बाइंडिंग तारेने बांधायचं. सळईच्या कडा आणि तारेची तुटलेली टोकं साधा सुती मोजा सहज फाडतात. इथे तळव्याला नायट्राइलचा (कृत्रिम रबराचा) थर असलेला, कापण्याला विरोध करणारा, बोटांना घट्ट बसणारा मोजा हवा. जाड चामडी मोजा दिलात तर फिटर तो काढून खिशात कोंबणार, कारण जाड बोटांनी हूक फिरवून तार आवळता येत नाही. ते त्याचं बरोबरच आहे. निवड चुकली ती देणाऱ्याची.

शटरिंगच्या कारागिराला खिळे, प्लायची कुसळं आणि सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटच्या धारदार कडा यांना तोंड द्यावं लागतं. शटरिंग उघडताना तर खिळे वर आलेले असतात. तळव्याला चामडं आणि पाठीला कापड असलेला मोजा इथे चालतो. पण उघडलेल्या फळ्यांचे खिळे तिथल्या तिथे काढणं किंवा वाकवणं हा जास्त खात्रीचा उपाय.

माल कालवणारे, पाट्या वाहणारे, गिलावा करणारे गवंडी आणि बिगारी यांना पाणी आत न शिरणारा मोजा लागतो: रबरी, पीव्हीसी किंवा पूर्ण बुडवून थर दिलेला नायट्राइल. त्यांना सुती मोजा दिला तर न दिल्यापेक्षा वाईट. का, ते पुढच्या प्रश्नात.

विटा, सिपोरेक्सचे (हलक्या काँक्रीटचे) ब्लॉक आणि दगड हाताळायला तळव्याला सुरकुत्या पाडलेला लेटेक्सचा थर बरा, पकड सुटत नाही. काच किंवा पत्र्याच्या चादरी उचलताना कापण्याविरुद्धचा दर्जा वरचा हवा आणि मनगटाच्या वरपर्यंत बाही हवी. वेल्डरला कोपराकडे जाणारा चामडी मोजा द्यावा. त्याच्या हातात नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा मोजा कधीही देऊ नये, ठिणगीने तो वितळून कातडीला चिकटतो.

रंगकाम आणि वॉटरप्रूफिंगवाल्यांनी इपॉक्सीपासून विशेष जपावं. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा बसली की पुढे थोड्या संपर्कानेही हात फुटतात आणि माणसाला ते काम सोडावं लागतं. मोजा नायट्राइलचा हवा. कोणत्या मालाला कोणता मोजा, हे त्या मालाच्या सुरक्षा माहितीपत्रकात दिलेलं असतं. ते पत्रक दुकानदाराकडे मागा. आणि संध्याकाळी हाताला लागलेला रंग थिनर किंवा रॉकेलने धुणं बंद करा. त्याने रंग निघतो, कातडीचं तेलही निघतं.

सिमेंटने हाताला खरंच काही होतं का? आमची हयात गेली मालात हात घालण्यात.

होतं. ज्यांची हयात गेली त्यांचे तळहात बघा: बोटांच्या पेरांवर उभ्या भेगा, नखांच्या कडा खाल्लेल्या, कातडी सुकलेली.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्याचा सामू १२ ते १३ पर्यंत जातो, म्हणजे ते तीव्र अल्कली होतं. चुन्यानेही हात भाजतात हे सगळ्यांना माहीत आहे, सिमेंटचं मात्र कुणी मनावर घेत नाही. कारण ते भाजतं तेव्हा लगेच दुखत नाही. सकाळी मोज्यात किंवा बुटात गेलेला ओला माल दिवसभर कातडीला चिकटून राहतो, आणि संध्याकाळी मोजा काढला की खालची कातडी लाल किंवा काळपट झालेली, कधी सोलून आलेली दिसते. तोवर भाजणं खोलवर गेलेलं असू शकतं.

सुती मोजा वाईट तो यामुळे. तो ओला माल शोषून घेतो आणि तासन्‌तास हाताला बांधून ठेवतो. मोकळा हात निदान धुतला तरी जातो.

दुसरा त्रास अ‍ॅलर्जीचा. सिमेंटमध्ये क्रोमियमचा एक विरघळणारा प्रकार असतो. काहींना वर्षानुवर्षं काही होत नाही आणि मग एके दिवशी खाज, पुरळ, पाणी सुटणं सुरू होतं. ही अ‍ॅलर्जी शरीराला लागली की सहसा जात नाही. युरोपात २००५ पासून सिमेंटमधल्या या क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा आहे.

कोरडं सिमेंट हातावर पडलं तर आधी झटका, मग भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. ओला माल लागला असेल तर लगेच वाहत्या पाण्याखाली धरा आणि वीसेक मिनिटं धुवत राहा. ज्या ड्रममध्ये दिवसभर थाप्या आणि पाट्या बुडवल्या, त्यातलं पाणी धुवायला चालत नाही, ते स्वतःच अल्कली झालेलं असतं. मोज्याच्या आत माल गेला तर मोजा काढून आतून धुवा, हातही धुवा, वाळल्यावरच परत घाला. संध्याकाळी हाताला खोबरेल तेल लावणाऱ्यांचे हात कमी फुटतात. पण तेल लावून मोज्याशिवाय मालात हात घातला तर त्याचा काही उपयोग नाही.

मोज्यावर ढालीच्या आत हातोडीचं चित्र आणि खाली आकडे असतात, ते काय?

तो 'ईएन ३८८' या युरोपीय मानकाचा शिक्का. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच चांगल्या मोज्यांवर तोच असतो. समजा खाली '४एक्स४३सी' लिहिलंय. पहिला ४ म्हणजे घासण्याला विरोध, ० ते ४ मध्ये. दुसरी जागा गोल पात्याच्या जुन्या चाचणीची, इथे 'एक्स' म्हणजे ती चाचणी केलेली नाही. तिसरा ४ फाटण्याचा, चौथा ३ भोसकण्याचा. शेवटचं अक्षर कापण्याच्या नव्या चाचणीचं, 'ए' ते 'एफ'. 'ए' सगळ्यात हलका, 'एफ' सगळ्यात भक्कम. 'ए' ला २ न्यूटन जोर लागतो, 'सी' ला १०, 'एफ' ला ३०. त्यापुढे 'पी' असेल तर आघाताची चाचणी पास.

फिटरच्या कामाला 'सी'च्या आसपास, काच-पत्र्याला त्याहून वरचा, असा साधारण हिशोब धरा.

दोन फसगती टाळा. भोसकण्याची चाचणी जाड खिळ्यासारख्या टोकाने होते. बाइंडिंग तारेचं बारीक टोक किंवा सुई त्या मोज्यातूनही आत जाऊ शकते. आणि कापण्याची चाचणी सरळ पात्याची आहे. 'एफ' दर्जाचा मोजा घालून फिरत्या कटरजवळ हात न्यायची परवानगी मिळत नाही.

आपला आयएसआय मार्क असतो का?

भारतीय मानकं आहेत. चामडी आणि सुती मोज्यांसाठी आयएस ६९९४, चामडी गाँटलेट (लांब बाहीचे) आणि मिटन्स (बोटं एकत्र असलेले) यांसाठी आयएस २५७३, विजेच्या कामाच्या रबरी मोज्यांसाठी आयएस ४७७०. खरेदीच्या ऑर्डरमध्ये मानकाचा क्रमांक लिहिलात तर पुरवठादार हाताला येईल ते टाकून मोकळा होत नाही.

मोजे घालूच नयेत असं काम आहे का?

आहे, आणि हे उत्तर साइटच्या बोर्डावर लावावं असं आहे. फिरत्या भागाजवळ मोजा हा धोका आहे.

बार बेंडिंग मशीनची फिरती चकती, उभं ड्रिल मशीन, फिरता मिक्सर, लाकूड कापायचं गोल पातं. मोकळ्या हाताला पात्याचा स्पर्श झाला तर हात झटक्यात मागे येतो, जखम होते. मोज्याचा एक धागा अडकला तर मशीन हातच ओढून नेतं. विणलेल्या सुती मोज्याचा धागा तुटता तुटत नाही, गुंडाळत जातो. अशा मशीनवर कायमस्वरूपी गार्ड हवा, पायाने चालणारा आणि पाय काढला की थांबणारा स्विच हवा, आणि मशीन थांबल्यावरच सळई हलवायची. चालू मशीनवर काम करताना मोजे उतरवा. सळई मशीनपर्यंत वाहून आणताना घाला. होय, दिवसातून अनेकदा घालावे-काढावे लागतात. दोन माणसं ठेवलीत, एक वाहणारा आणि एक मशीनवरचा, तर हा प्रश्नच उरत नाही.

मिक्सरमध्ये चिकटलेला माल फावड्याने किंवा हाताने काढायचा असेल तर आधी मशीन बंद, मेन स्विच खाली, फ्यूज किंवा चावी माल काढणाऱ्याच्या स्वतःच्या खिशात.

ग्राइंडरला काय करायचं? तेही फिरतंच.

यावर जाणकारांतही मतभेद दिसतात. माझं मत असं: हातात धरायच्या ग्राइंडरला ठिणग्या आणि कंप असतात, म्हणून हाताला चपखल बसणारा, धागे न लोंबणारा, चामडी तळव्याचा मोजा ठेवावा. सैल, विणलेला, लांब बाहीचा नको. पण खरी सुरक्षा गार्ड आणि दोन्ही हातांची पकड यांत आहे. मोठी चकती बसवायला गार्ड काढून टाकलेला ग्राइंडर दिसला, तर मोज्याची चर्चा नंतर करा, आधी तो ग्राइंडर जमा करा.

वायरमनला स्वयंपाकघरातले रबरी मोजे चालतात?

अजिबात नाही. विजेचे मोजे वर्गवार येतात. 'वर्ग ००' एसी ५०० व्होल्टपर्यंत, 'वर्ग ०' १००० व्होल्टपर्यंत, आणि पुढे चढत जातात. वापरण्याआधी दर वेळी बाही गुंडाळून आत हवा कोंडायची, कानाशी धरून कुठून सुटते का ते बघायचं. रबरावर बारीक चीर पडू नये म्हणून वरून चामडी मोजा घालायचा. ठरावीक काळाने, सहसा सहा महिन्यांनी, प्रयोगशाळेत चाचणी करून घ्यायची. आणि हे सगळं असलं तरी लाइन बंद करून, कुलूप लावून, टेस्टरने तपासून काम करणं हाच पहिला मार्ग.

काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवल्यावर बोटांना मुंग्या येतात. कंपविरोधी मोजा घेऊ का?

घ्या, पण फार आशा ठेवू नका. असे मोजे जलद, बारीक कंप थोडे कमी करतात. ब्रेकरचे मोठे, संथ धक्के जवळपास तसेच हातात जातात. फायदा होतो तो पाळी वाटून घेण्याने, छिन्नीला धार ठेवण्याने आणि मशीन आवळून न धरण्याने. मुंग्या रात्री झोपेतून उठवू लागल्या किंवा बोटांची टोकं पांढरी पडू लागली, तर डॉक्टरांना दाखवा आणि ते काम काही काळ सोडा. पुढची पायरी म्हणजे शर्टाचं बटण लावता न येणं.

माप एवढं महत्त्वाचं आहे का? एकच साइज सगळ्यांना बसतो.

बसत नाही. अंगठा सोडून तळहाताचा घेर मोजा: साधारण १७८ मिमी म्हणजे ७ नंबर, २०३ मिमी म्हणजे ८, २२९ मिमी म्हणजे ९, २५४ मिमी म्हणजे १०. साइटच्या स्टोअरमध्ये बहुधा ९ आणि १० चेच गठ्ठे असतात.

त्यामुळे सर्वात जास्त हाल होतात बिगारी बायकांचे. विटा आणि माल वाहण्याचं बरंच काम त्याच करतात आणि त्यांच्या हाताला ६ किंवा ७ नंबर लागतो. १० नंबरच्या मोज्यात बोटांच्या पुढे रिकामी टोकं लोंबतात, ती विटांच्या चळतीत अडकतात, घमेलं निसटतं. मग त्या मोजे काढून ठेवतात आणि सुपरवायझर म्हणतो, 'यांना दिले तरी घालत नाहीत.' पुढच्या ऑर्डरमध्ये दोन लहान साइज लिहायला पैसे जास्त लागत नाहीत.

कामगार मोजे घालतच नाहीत. दंड लावावा का?

आधी का घालत नाहीत ते बघा. अंगावर (उक्त्या) कामाचा दर असेल तर मोज्याने हात मंदावतो आणि कमाई घटते, हे खरं कारण आहे. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पूर्ण रबरी मोज्यात हात घामाने भिजतो, हेही खरं. तळव्यालाच थर असलेले, पाठीला हवा खेळणारे मोजे तिथे जास्त टिकतात. एकाऐवजी दोन जोड दिले तर एक वाळत ठेवता येतो.

मग तंबाखू. डाव्या तळहातावर चुना लावून तंबाखू मळायला मोजा काढावाच लागतो. मळलेली गोळी ओठाखाली जाते, मोजा मात्र बांधकामाच्या भिंतीवर राहतो आणि पुढचा तास हात उघडे. शिवाय ज्या हाताला सिमेंट, रंग किंवा तेल लागलंय त्याच हाताने मळलेली तंबाखू तोंडात जाते. मोबाईलचंही तेच, पडद्यावर मोज्याचं बोट चालत नाही. दंडाने यातलं काही सुटत नाही. ठरावीक वेळेला सुट्टी, हात धुवायला नळ आणि साबण, आणि मोजे अडकवायला कमरेची क्लिप, यांनी सुटतं. जुन्या मिस्त्रीने घातले की पोरं घालतात. मिस्त्रीला पटवायला वेळ द्या.

एक गोष्ट मात्र दंडाइतकी कडक ठेवा: फाटका मोजा दाखवला की प्रश्न न विचारता नवा मिळाला पाहिजे. 'मागच्या आठवड्यात तर दिला होता' हे वाक्य स्टोअरकीपरच्या तोंडून निघालं की लोक फाटके मोजे चालवून घेतात.

एक जोड किती दिवस टिकतो? धुवावा का?

दिवस मोजू नका, मोजा बघा. भोक, उसवलेली शिवण, कडक झालेला किंवा सोललेला थर, आतून ओल: फेकायचा. कामाप्रमाणे फिटरचा जोड काही दिवसांतच जातो, गवंड्याचा रबरी मोजा जास्त चालतो. थर असलेले मोजे साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. चामडी मोजा उन्हात वाळवला की तडकतो. पावसाळ्यात ओला मोजा परत घातला तर बोटांच्या बेचक्यात पांढरी सुजलेली कातडी आणि बुरशी येते. एकाचा मोजा दुसऱ्याने घालू नये.

अंगठी, कडं, मनगटाचा दोरा यांचं काय?

अंगठी कामावर नकोच. ट्रकवरून किंवा परांचीवरून उडी मारताना अंगठी एखाद्या हुकाला अडकली, तर शरीराच्या वजनाने बोटाची कातडी मोज्यासारखी उलटून निघते. वरून हातमोजा असला तरी हे होतं. कडं आणि घड्याळ काढा.

मनगटाचा गंडा किंवा लाल दोरा हा श्रद्धेचा भाग आहे, तो तोडा म्हणून कुणी ऐकणार नाही आणि म्हणूही नये. तो दंडावर बांधता येतो, किंवा बाहीच्या आत घेऊन मोज्याच्या मनगटपट्टीखाली दाबता येतो. मशीनवरच्या माणसाने मात्र दंडावरच बांधावा. काचेच्या बांगड्यांबद्दल बायकांशी बाईनेच बोललेलं बरं. फुटलेली काच मोज्याच्या आत गेली तर मनगटाची शीर कापली जाते, एवढं सांगितलं की बहुतेकजणी कामापुरता पर्याय स्वतःच काढतात.

मोज्यांचे पैसे मजुरीतून कापले तर?

कापता येत नाहीत. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. सुरक्षेसाठी पुरवलेल्या कोणत्याही गोष्टीचा खर्च कामगाराकडून वसूल करायचा नाही, असं ती स्पष्ट सांगते. त्याआधी बांधकाम कामगारांसाठी १९९६ चा वेगळा कायदा होता, तो आता या संहितेत सामावला आहे. उपठेकेदाराने 'माझ्या दरात मोजे धरलेले नाहीत' असं म्हटलं तर तो त्याचा आणि मुख्य ठेकेदाराचा हिशोब, कामगाराचा नाही.

मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो ना, मग ठेकेदाराने वेगळे का द्यायचे?

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदीत कामगारांना सुरक्षा संच देत आलं आहे. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम केल्याचा दाखला लागतो. नाक्यावर उभं राहणाऱ्यांनी ही नोंदणी जरूर करावी. पण संचातला एक जोड मोजा झिजणारी वस्तू आहे आणि तो तुमच्या कामाकडे बघून निवडलेला नसतो. ठेकेदाराची जबाबदारी त्याने संपत नाही.

बोट तुटलं तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं?

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर उचला. १०८ ला फोन करा, किंवा गाडी तयार असेल तर निघा.

तुटलेला भाग शोधा. स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा, घासू नका. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, आणि ती पिशवी बर्फ टाकलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवलं तर गोठून पेशी मरतात आणि जोडायची शक्यता जाते. तसंच ते पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवू नका. मोजा अडकला असेल तर ओढून काढू नका, कातरून काढा. हळद, चुना, तंबाखू, ग्रीस, पेट्रोल यातलं काहीही जखमेवर नको. जिथे प्लास्टिक सर्जन किंवा हाताचे शल्यचिकित्सक आहेत अशा रुग्णालयाचं नाव काम सुरू होण्याआधीच गेटवर लिहिलेलं असावं; जवळच्या दवाखान्यात टाके घालून मग तिकडे धावण्यात मोलाचे तास जातात.

एक जखम दिसायला काहीच नसते: एअरलेस स्प्रे गन, ग्रीस गन किंवा हायड्रॉलिक पाइपच्या दाबाने बोटात गेलेला रंग किंवा तेल. फक्त टाचणीएवढं भोक दिसतं, दुखतही कमी. आत मात्र तो पदार्थ पसरत जातो. ही तातडीची शस्त्रक्रिया आहे, उद्या बघू म्हणायची गोष्ट नाही. मोजा असा झोत अडवू शकत नाही.

आणि छोट्या जखमेलाही धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीख बघा. गंजलेला खिळा हीच एक भीती नाही, माती आणि शेणखत असलेली जागाही तितकीच.

बोट गेलं तर भरपाई कशी ठरते?

१९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाची टक्केवारी लिहिलेली होती. अंगठा पूर्ण गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के घटली असं धरतात. तर्जनी १४, मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटं गेली तर ५०. वय आणि मजुरी यांच्या हिशोबाने त्यावरून रक्कम निघते. हा विषय आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) लागू असेल तर मार्ग वेगळा.

व्यवहारात दावा अडतो तो कागदावर. अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरमध्ये झाली का, रुग्णालयाच्या कागदावर 'कामावर असताना' असं लिहिलं गेलं का, हजेरीत त्या दिवशी नाव आहे का. ठेकेदार 'खर्च मी करतो, नोंद नको' म्हणाला तर नोंद आधी करून घ्या. १९२३ च्या कायद्यात दाव्याची मुदत दोन वर्षांची होती, पण तोवर मुकादम बदललेला असतो आणि साक्षीदार गावाला गेलेले असतात.

मी घर बांधतोय. आठ-दहा माणसं आहेत. मी नेमकं काय आणून ठेवू?

माल कालवणाऱ्यांसाठी पीव्हीसीचे किंवा रबरी मोजे, प्रत्येकी दोन जोड. फिटरांसाठी नायट्राइल थराचे, 'सी' दर्जाचे, प्रत्येकी एक आणि वर दोन-तीन शिलकीत. विटा-ब्लॉकसाठी लेटेक्स थराचे. साइज ७, ८, ९ मिसळून. एक साबणाची वडी, स्वच्छ पाण्याचा वेगळा पिंप ज्यात कुणी थापी बुडवणार नाही, आणि प्रथमोपचाराच्या पेटीत गॉज, चिकटपट्टी, कातर, दोन-चार स्वच्छ प्लास्टिकच्या पिशव्या. हा सगळा खर्च स्लॅबच्या एका दिवसाच्या मजुरीच्या आत बसतो.

ते मुकादमाच्या हाती एकगठ्ठा देऊ नका. स्लॅबच्या सकाळी कामाला हात लागायच्या आधी ज्याच्या त्याच्या हातात, त्याच्या कामाचा आणि मापाचा जोड द्या, आणि बार बेंडिंगच्या मशीनवर कोण उभा राहणार हे तेव्हाच विचारून घ्या. त्याला मोजे देऊ नका.